मुठीचा विसावा

बदलीच्या नोकरीत ज्यांचे आयुष्य गेले, त्यांना स्वतःच्या हाताची आठवण सहसा दोनच प्रसंगी होते. एक, नव्या गावी सामान उतरवून घेताना. आणि दुसरा, कागदांच्या गठ्ठ्यावर सह्या करता करता बोटे आखडतात तेव्हा. आमच्या बाबतीत तिसरा प्रसंग आला तो तीन वर्षांपूर्वी, वार्षिक वैद्यकीय तपासणीच्या वेळी. डॉक्टरांनी एक लहानसे यंत्र हाती देऊन ते जोराने दाबावयास सांगितले, आणि काट्याकडे पाहून 'वयाच्या मानाने मूठ सैल आहे' असा अभिप्राय दिला. पन्नाशी उलटलेल्या माणसाला असा शेरा गोपनीय अहवालातील शेऱ्यापेक्षाही अधिक झोंबतो. आम्ही त्याच संध्याकाळी हाताने दाबावयाची एक स्प्रिंग विकत आणली, आणि सकाळी शंभर वेळा व रात्री शंभर वेळा, एकही दिवस न चुकता, ती दाबण्याचा नेम सुरू केला.

दीड महिन्यात नेमाचे फळ मिळाले. उजव्या कोपराच्या आतल्या बाजूस अशी कळ येऊ लागली की कुलपात किल्ली फिरविणे अवघड झाले, आणि सहीतील अक्षरे आमची आम्हांसच ओळखू येईनात. आम्ही राहात होतो त्या उत्तरेकडील शहरात एक जुने महाराष्ट्र मंडळ आहे. त्याच्या मागील अंगणात एक मल्लखांब अजून उभा आहे. तेथे मुलांना शिकविणारे वस्ताद वयाने सत्तरीच्या पुढचे. त्यांची तिसरी पिढी त्या शहरात नांदते आहे, आणि त्यांच्या मराठीला तेथील हिंदीचा सूर लागलेला आहे. आम्ही त्यांना हात दाखविला. त्यांनी कोपर चाचपून पाहिले, रोजच्या नेमाची हकीकत ऐकून घेतली, आणि शांतपणे म्हणाले, "साहेब, दात रोज घासावेत, मूठ रोज घासू नये."

त्या एका वाक्याने आम्हांस पुस्तकांकडे वळविले. श्रम किती करावा हे सांगणारे पुष्कळ असतात. श्रमानंतर थांबावे किती, हा प्रश्न मात्र माणसाने केव्हा व कसा विचारला, याचा शोध घ्यावा असे वाटू लागले. त्या वाचनातून जे हाती आले ते येथे मांडीत आहोत.

आपल्या देशात या प्रश्नाचे सर्वांत जुने सुस्पष्ट उत्तर मिळते ते वैद्यकग्रंथांत. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सातव्या अध्यायात व्यायामाचे गुण सांगितल्यावर लगेच त्याच्या अतिरेकाचे दोष दिले आहेत: थकवा, क्षय, तहान, रक्तपित्त, खोकला, ज्वर, वांती. अतिव्यायाम करणाऱ्याची स्थिती हत्तीला ओढू पाहणाऱ्या सिंहासारखी होते, अशी उपमाही तेथेच आहे. सिंह दुर्बळ नसतो. आपल्या बळाची मर्यादा न ओळखल्यामुळेच तो नाश पावतो, हे त्या उपमेचे मर्म होय. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानातील चोविसाव्या अध्यायात ही मर्यादा आखून दिली आहे. व्यायाम आपल्या बळाच्या अर्ध्याने करावा; आणि अर्धे बळ खर्ची पडले हे कसे ओळखावे, तर श्वास तोंडावाटे वाहू लागला म्हणजे. काटा नाही, घड्याळ नाही. शरीर स्वतःच खूण देते, ती ओळखून थांबावयाचे.

वाग्भटाने अष्टांगहृदयात यात ऋतूची भर घातली. अर्धशक्तीचा व्यायाम स्निग्ध आहार घेणाऱ्या बलवानाने थंडीत व वसंतात करावा; इतर वेळी त्याहूनही कमी. ग्रीष्मात तर व्यायाम वर्ज्यच सांगितला आहे. शिवाय व्यायाम संपल्यावर सर्वांगाला सुखकर मर्दन करावे असेही त्याने बजावले आहे. म्हणजे विसाव्याचे तीन थर या शास्त्राने मानले: श्रमाच्या आतच थांबणे, श्रमानंतर अंग रगडून घेणे, आणि वर्षातील काही महिने श्रम उतरता ठेवणे.

हे वैद्यांचे झाले, मल्लांचे काय? कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील तिसरा सोमेश्वर याने इ. स. ११२९ च्या सुमारास रचलेल्या 'मानसोल्लास' या ग्रंथात 'मल्लविनोद' नावाचे एक प्रकरण आहे. मल्लांचे वय, आकार व बळ यांवरून प्रकार, त्यांचा राजाने पुरवावयाचा आहार, आणि त्यांचे निरनिराळे श्रम यांची नोंद त्यात आहे. त्या श्रमांत वजन उचलण्याचा भारश्रम आहे, पाण्यात करावयाचा सलिलश्रम आहे, आणि खांबावर करावयाचा स्तंभश्रमही आहे. सोमेश्वराची राजधानी म्हणजे आज कर्नाटकातील बीदर जिल्ह्यात असलेले बसवकल्याण. गुजरातेतील मोढेऱ्याच्या ज्येष्ठीमल्लांचे 'मल्लपुराण' हा या परंपरेतील दुसरा ग्रंथ. त्यातही स्तंभश्रम आहे, आणि कोणत्या ऋतूत मल्लाने कसे वागावे याचा विचारही आहे.

परप्रांतात राहणाऱ्या मराठी वाचकास येथे एक गोष्ट सुखावह वाटेल. हे दोन्ही ग्रंथ छापून निघाले ते गायकवाडांच्या बडोद्याच्या प्राच्य ग्रंथमालेत. मानसोल्लासाचा पहिला खंड १९२५ साली श्रीगोंदेकरांनी संपादिला, आणि मल्लपुराण सांडेसरा व मेहता यांच्या संपादनाने १९६४ साली प्रसिद्ध झाले. त्याच बडोद्यात दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांनी १९३६ ते १९४९ या काळात 'व्यायाम ज्ञानकोशा'चे दहा खंड मराठीत सिद्ध केले. महाराष्ट्राच्या सीमेबाहेर बसून मराठी माणसाने केलेली ही कामगिरी लहान नव्हे.

ज्या खांबापाशी आम्हांस वस्ताद भेटले, त्याचे अलीकडचे चरित्रही असेच प्रवासी आहे. मल्लखांबाच्या पुनरुज्जीवनाचे श्रेय दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांना देण्याची परंपरा आहे. पेशवाई १८१८ साली बुडाली, बाजीराव गंगाकाठी ब्रह्मावर्तास गेला, आणि ही विद्याही हळूहळू उत्तरेत पसरली. तेल लावलेल्या गुळगुळीत लाकडावर सर्व देह तोलून धरावयाचा तो हात, मांड्या व पाय यांच्या पकडीवर. अशा विद्येत पकड एकदा सुटली तर डोके फुटावयाचे. म्हणूनच, थकलेल्या हाताने खांबाला हात लावू नये हा दंडक तेथे उपदेशाच्या रूपाने उरला नाही. तो अंगवळणी पडला. एकाने उडी घ्यावी आणि बाकीच्यांनी रांगेत उभे राहून पाहावे, या साध्या रिवाजातच प्रत्येकाच्या मुठीला आपोआप विसावा मिळत गेला. आमच्या खोलीत आम्ही एकटे होतो, आमच्यापुढे रांग नव्हती. म्हणून आमच्या मुठीला विसावा मिळाला नाही.

आता युरोपकडे वळू. तेथे प्रश्नाचा आरंभ झाला तो मोजमापापासून. अठराव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसमध्ये रेन्ये नावाच्या यंत्रकुशल गृहस्थाने एक बलमापक बनविला. बुफाँ या निसर्गशास्त्रज्ञाने व त्याच्या सहकाऱ्याने अशा यंत्राची इच्छा त्याच्यापाशी पूर्वी बोलून दाखविली होती. पोलादाची लंबवर्तुळाकार स्प्रिंग, ती दोन्ही हातांनी दाबली की काटा सरकतो आणि बळाचा आकडा दाखवितो, अशी त्याची रचना. १७९८ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले. डॉक्टरांनी आमच्या हाती दिलेल्या यंत्राचा हा मूळपुरुष होय.

हे यंत्र लौकरच जहाजावर चढले. बोदँ या कप्तानाच्या हाताखाली १८०० ते १८०४ या काळात जी फ्रेंच मोहीम दक्षिण समुद्रात गेली, तिच्यात पेराँ नावाचा तरुण शास्त्रज्ञ होता. त्याने व्हॅन डीमेन्स लँड, न्यू हॉलंड व तिमोर येथील रहिवाशांच्या हाती ते यंत्र देऊन त्यांचे आकडे फ्रेंच व इंग्रज यांच्या आकड्यांशेजारी मांडले. युरोपीयांचे आकडे अधिक भरले. त्यावरून, निसर्गाच्या सान्निध्यात राहणारा मनुष्य बळाने श्रेष्ठ असतो हा रूसोच्या पंथाचा समज खोटा ठरला, आणि सुधारणेबरोबर बळही वाढते, असा निष्कर्ष त्याने काढला.

निष्कर्षाच्या पहिल्या भागाशी आमचे भांडण नाही. परंतु ज्याच्या हाती ते यंत्र दिले त्याने ते पूर्वी कधी पाहिले होते काय? परक्या माणसांच्या घोळक्यात ते जीव तोडून दाबावे असे त्यास वाटले तरी का? आदल्या दिवशी तो किती चालला होता, त्याच्या पोटात काय होते, त्याने विसावा किती घेतला होता? या प्रश्नांचा हिशेब त्या कोष्टकात नाही. मुठीचा एक आकडा म्हणजे त्या क्षणीची त्या हाताची स्थिती. तिच्यावरून माणसाच्या संपूर्ण बळाविषयी बोलणे धाडसाचे, आणि एखाद्या समाजाच्या योग्यतेविषयी बोलणे तर अन्यायाचेच. पुढे आपल्याकडेही अमुक जाती लढाऊ व तमुक जाती बिनलढाऊ अशी वर्गवारी परक्या राज्यकर्त्यांनी केलीच. विसाव्याचा विचार न करता केलेले मोजमाप किती दूरवर नुकसान करू शकते, हे ध्यानात यावे म्हणून पेराँची हकीकत विस्ताराने सांगितली.

ही उणीव भरून काढणारा पुरुष निघाला तो इटलीत. आंजेलो मॉसो याचा जन्म १८४६ सालचा, बाप सुतार. तुरिनच्या विद्यापीठात तो शरीरशास्त्राचा अध्यापक झाला, आणि १८८४ च्या सुमारास त्याने श्रम लिहून ठेवणारे एक यंत्र रचले. अर्गोग्राफ या नावाने ते प्रसिद्ध आहे. पुढचा हात एका बैठकीवर घट्ट बांधावयाचा. तर्जनी व अनामिका पितळी नळ्यांत अडकवून ठेवावयाच्या. मोकळे राहते ते एकटे मधले बोट. त्याला दोरी, दोरी कप्पीवरून खाली, आणि टोकाला सुमारे तीन किलोंचे वजन. ठोक्याचे यंत्र दर दोन सेकंदांनी वाजे, आणि प्रत्येक ठोक्यास बोट वाकवून वजन उचलावयाचे. वजन किती वर आले ते काजळी धरलेल्या फिरत्या कागदावर एका काडीने उमटे. आरंभीच्या रेघा उंच, पुढे पुढे आखूड, आणि शेवटी बोट हालत असूनही वजन जागचे हालत नाही. थकवा प्रथमच असा डोळ्यांना दिसला.

बोटाचा हा प्रयोग मुठीच्या अभ्यासकास विशेष महत्त्वाचा आहे. बोटे वाकविणारे मुख्य स्नायू पंजात नसतात. ते कोपराखालच्या पुढच्या हातात असतात, आणि त्यांच्या लांब कंडरा मनगटातून बोटांपर्यंत गेलेल्या असतात. आमची मूठ थकली, पण दुखले कोपर, याचे कारण हेच. मॉसोने जे मोजले ते वस्तुतः मुठीचेच बळ होय.

त्याचा सहकारी माज्जोरा याने आपले स्वतःचे बोट या प्रयोगास वाहिले. त्याला आढळले ते असे. तीस वेळा वजन उचलून बोट पूर्ण थकले, तर पुन्हा पहिल्याइतके काम होण्यास दोन तासांचा विसावा लागतो. त्याहून लौकर आरंभ केला तर दुसऱ्या खेपेचे काम उणे भरते. मग त्याने पंधराच वेळा वजन उचलून थांबण्याचे ठरविले. काम निम्मे, तेव्हा विसावाही निम्मा, म्हणजे एक तास लागेल, असे कोणासही वाटेल. तसे झाले नाही. अर्धा तास पुरला! श्रम निम्मा केला तर विसावा चतुर्थांश झाला.

याचा हिशेब सरकारी हिशेबनीसालाही पटेल असा आहे. पूर्ण थकेपर्यंत काम करणाऱ्या बोटाला दोन तासांत एकच खेप करता येते, म्हणजे तीस वेळा. अर्ध्यावर थांबणारे बोट तेवढ्याच वेळात चार खेपा करते, म्हणजे साठ वेळा. आणि त्या सर्व उंच रेघांच्या, खंगलेल्या नव्हेत. मॉसोने यातून काढलेले तात्पर्य असे की, थकलेल्या स्नायूकडून घेतलेले थोडेसे काम ताज्या स्नायूकडून घेतलेल्या पुष्कळ कामापेक्षा अधिक अपाय करते. १८९१ साली प्रसिद्ध झालेल्या 'थकवा' या त्याच्या ग्रंथात हे सारे आले आहे.

सुश्रुताने सांगितलेली अर्धी शक्ती आणि तुरिनमधील ही अर्धी खेप यांची गाठ पडलेली पाहून आम्ही काही वेळ पुस्तक मिटून बसलो. मात्र येथे सावध राहिले पाहिजे. सुश्रुताचे अर्धे बळ सर्व देहाचे आहे आणि श्वासावरून ओळखावयाचे आहे. माज्जोराचे अर्धे एका बोटाचे आहे आणि ठोक्यांवर मोजलेले आहे. आमच्या पूर्वजांना सारे ठाऊक होते, अशी बढाई यावरून मारणे गैर होय. दोन भिन्न देशांतील, भिन्न काळांतील सावध निरीक्षक एकाच सत्याच्या जवळपास पोहोचले, एवढेच म्हणता येते, आणि तेवढे पुरेसे आहे.

मॉसोच्या ग्रंथातील आणखी एक नोंद कचेरीत बसणाऱ्यांनी वाचण्यासारखी आहे. विद्यार्थ्यांच्या तोंडी परीक्षा घेऊन परतलेल्या माज्जोराचे बोट त्याने यंत्राला लावले. त्या दिवशी हाताने काहीच श्रम केले नव्हते. तरी रेघा भराभर आखूड झाल्या. जागरणानंतर, उपासात, लांबच्या चालीनंतरही तेच. डोक्याचा शीण आणि पायांचा शीण बोटात उतरतो. दिवसभर तक्रारी ऐकून, टिपणे लिहून घरी आलेला मनुष्य 'आज तर आपण बसूनच होतो' असे म्हणत जोरजोराने मूठ दाबू लागतो, तेव्हा तो अगोदरच थकलेल्या हाताला पुन्हा कामाला जुंपीत असतो. हे आम्ही स्वानुभवाने सांगत आहोत.

पुढचा टप्पा अमेरिकेतला. थिओडोर हॉ याने १९०२ साली त्याच जातीच्या यंत्रावर बोटांच्या स्नायूंच्या ठणक्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. श्रम चालू असताना येणारे दुखणे निराळे, आणि आठ-दहा तासांनी सुरू होऊन दुसऱ्या दिवशी वाढणारे दुखणे निराळे, हा भेद त्याने दाखविला. दुसऱ्या प्रकारात स्नायूच्या आत सूक्ष्म तुटातूट होत असावी असे त्याचे अनुमान होते. १९८० नंतरच्या दशकात सूक्ष्मदर्शकाने पाहिलेल्या स्नायुतंतूंनी त्या अनुमानास बऱ्याच अंशी दुजोरा दिला. १९५३ साली डॉर्टमुंडच्या माक्स प्लांक संस्थेत हेटिंगर व म्यूलर यांनी असे मांडले की, कमाल बळाच्या दोनतृतीयांश जोराने सहा सेकंद, आणि तेही दिवसातून एकदाच, स्नायू आवळला तरी बळ वाढते. आठवड्यास पाच टक्के वाढीचा त्यांचा आकडा पुढे इतरांना तितका मोठा आढळला नाही. परंतु थोडक्या श्रमानेही बळ वाढते, हा मुद्दा टिकला.

आजच्या ज्ञानाचा सारांश असा की, विसाव्याचे घड्याळ एक नसून अनेक आहेत. स्नायूत तात्काळ खर्ची पडणारी शक्ती तीन ते पाच मिनिटांत बहुतांशी भरून येते. म्हणून जोरकस दोन खेपांमध्ये तेवढे थांबावे. मॉसोचे घड्याळ तासांचे. हॉचा ठणका एक ते तीन दिवसांचा. कंडरांची दुरुस्ती तर त्याहूनही संथ चालते. जड श्रमानंतरचा पहिला दीड दिवस त्यांच्यात बांधणीपेक्षा झीजच अधिक होते, असे संशोधकांना आढळले आहे. यास्तव मुठीचा जड व्यायाम आठवड्यातून दोन-तीनदा, मध्ये दोन रात्री जाऊ देऊन करावा, असा साधारण सल्ला दिला जातो. बळ वाढण्यासाठी प्रत्येक वेळी पूर्ण थकेपर्यंत जाण्याची गरज नाही, असेही अलीकडच्या पुष्कळ प्रयोगांतून दिसते. मर्दनाबाबत मात्र माज्जोराचा उत्साह थोडा आवरता घ्यावा लागला आहे. त्याने ठणका कमी होतो. गेलेले बळ परत येण्यास त्याची मदत थोडीच.

एवढा खटाटोप एका मुठीसाठी कशाला, असे कोणी विचारील. १७ देशांतील सुमारे एक लक्ष चाळीस हजार माणसांची, त्यांत आपल्या देशातीलही, पाहणी २०१५ साली प्रसिद्ध झाली. मुठीच्या बळातील दर पाच किलोंच्या घटीमागे मृत्यूचा संभव सोळा टक्क्यांनी अधिक दिसला. अर्थात मूठ ही देहाच्या एकंदर स्थितीची खूण होय. केवळ स्प्रिंग दाबून आयुष्य वाढते असा याचा अर्थ नव्हे. परंतु डॉक्टरांनी ते यंत्र आमच्या हाती उगाच दिले नव्हते, हे आम्हांस आता कळते.

वस्तादांनी आमचा हात सहा आठवडे बंद ठेवविला. नंतर आठवड्यातून दोन दिवस, सकाळी, कचेरीचा शीण चढण्यापूर्वी, वेताच्या मल्लखांबाचा वेत नुसता धरून उभे राहण्यास सांगितले. लोंबकळण्याची परवानगी चार महिन्यांनी मिळाली. हात थरथरू लागण्यापूर्वी ते स्वतःच 'सोडा' म्हणत. आम्ही एकदा आर्जवाने म्हटले, "वस्ताद, अजून पाच मोजता येतील." ते म्हणाले, "ते पाच परवासाठी ठेवा, साहेब."

त्यांनी मॉसो वाचलेला नाही, आणि सुश्रुताचे नाव त्यांना ऐकूनच ठाऊक असेल. बाळंभटदादांपासून किती हातांतून ही रीत त्यांच्यापर्यंत आली, हे सांगणे कठीण. गेल्या वर्षी आमची पुन्हा बदली झाली. निघण्यापूर्वी तपासणीत काटा पूर्वीपेक्षा पुढे गेला होता, आणि सहीतील अक्षरेही ठिकाणावर आली होती. नव्या गावी मल्लखांब नाही. आम्ही घराच्या मागील दारी एक जाड वेत टांगला आहे, आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकेत आठवड्याचे दोन दिवस खुणा करून ठेवल्या आहेत. उरलेल्या पाच दिवशी त्या वेताला आम्ही हात लावीत नाही.